वास न येणारी गोष्ट

माझा मामेभाऊ राहतो अंबरनाथला आणि कॉलेजला जातो उल्हासनगरला. वय एकोणीस. मी पुस्तकांवर, सिनेमांवर लिहिते हे त्याला माहीत आहे, पण त्यातलं एखादं त्याने शेवटपर्यंत वाचल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. जूनमध्ये बदलापूरला आमच्या घरी जेवायला आला होता. जेवण झाल्यावर भांडी आवरायला माझ्यामागे स्वयंपाकघरात आला (हेच मुळात संशयास्पद) आणि हळूच म्हणाला, "ताई, तू रिव्ह्यू लिहितेस ना, मग त्या पॉडचा लिही की. एका मित्राला घ्यायचाय."

"कुठल्या पॉडचा?"

"तुझ्या पर्सच्या आतल्या खणात आहे तो."

आई बाहेर मालिका बघत होती. मी नळ मोठा सोडला.

तर हा त्या मित्रासाठीचा रिव्ह्यू. थोडा उशिरा आलाय, कारण जूनमध्ये लिहिला असता तर चांगला लिहिला असता. म्हणजे पॉडबद्दल चांगला.

आधी वस्तू काय आहे ते. मधल्या बोटापेक्षा जरा लांब, पेनड्राइव्हसारखी चपटी, राखाडी. मार्चमध्ये वाढदिवसाला ऑफिसातल्या मैत्रिणीने दिली. किंमत हजाराच्या आत असावी, असं तिच्या बोलण्यावरून वाटलं. खालच्या भागात बॅटरी. वरचा भाग म्हणजे पॉड: दोन मिलिलीटरची प्लास्टिकची कुपी, आत तारेचं छोटं वेटोळं आणि त्याला लागून कापूस. कापूस द्रव शोषून घेतो. तुम्ही तोंडाने ओढलं की आतल्या सेन्सरला कळतं, तार तापते आणि द्रवाचं धुकं होतं. याला सगळे वाफ म्हणतात, पण ती चहावर येते तशी पाण्याची वाफ नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं आणि निकोटिन यांचे ते बारीक थेंब असतात. बटण नाही. काडी नाही, राख नाही. सोबत द्रवाची ३० मिलिलीटरची बाटली आली होती, चव आंबा. आंबा म्हणजे हापूस नव्हे. लहानपणी पन्नास पैशाला मिळणाऱ्या गोळीतला आंबा.

कंपनीचं नाव लिहिणार नाही आणि कुठे मिळतो ते मला विचारू नका. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने अध्यादेश काढून देशभर ई-सिगारेट बंद केली, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा केलात तर सहा महिन्यांपर्यंत. ओढण्याला मात्र कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, आणि पोरांना कायद्यातली फक्त तेवढीच ओळ पाठ असते.

लिहिण्याआधी अभ्यास म्हणून मी यूट्यूबवर असे रिव्ह्यू बघितले. तीस-चाळीस तरी असतील. हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे आणि त्याचे नियम सुनीताच्या चौदा ओळींपेक्षा कडक आहेत. आधी डबा उघडायचा, तोही सावकाश, मंगळसूत्राची पेटी उघडावी तसा. मग वस्तू हातात फिरवून दाखवायची. मग ओढायचं, कॅमेऱ्याकडे बघत थांबायचं, धूर सोडायचा आणि डोळे बारीक करायचे. पुढे चार गोष्टींना गुण: दिसणं, चव, घशाला बसणारा ठोका आणि बॅटरी. गळतं की नाही हा पाचवा मुद्दा, पण तो कंपनीने वस्तू फुकट दिली नसेल तरच येतो.

माझे गुण चटकन देऊन टाकते. दिसायला चांगला. आंब्याची चव तीन दिवस बरी, मग जिभेला कळेनाशी होते. बॅटरी ऑफिसचा दिवस काढते. गळतो. पर्समध्ये आडवा ठेवला तर हमखास गळतो, माझी चेकबुकची पानं चिकटली आहेत. घशाला ठोका असा बसतच नाही, आणि त्या मुलांना ती तक्रार वाटते. मला वाटतं सगळी गोष्ट इथेच सुरू होते.

त्यासाठी आधी आमच्या आजोबांच्या तंबाखूबद्दल बोलायला हवं. माझे ते आईचे वडील, म्हणजे मामेभावाचे सख्खे आजोबा. ते अंबरनाथच्या विमकोत होते. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. स्वीडनच्या काडेपेटीवाल्यांनी १९२३ मध्ये भारतात काढलेली. कारखाना बंद झाला, नाका अजून विमको नाकाच आहे, रिक्षावाल्याला तेवढंच सांगावं लागतं. आजोबा सांगायचे, आत विडी ओढायची सोय नव्हती. उघड आहे, जिथे गुल आणि लाकूड एकत्र येतं तिथे कोण ओढू देईल? अख्ख्या देशाच्या विड्या पेटवायच्या काड्या जिथे बनत होत्या, तिथे आत जाताना खिशातली स्वतःची पेटी दारात ठेवायची. त्यामुळे आजोबा तंबाखू खायचे.

डबीला दोन्हीकडे झाकण, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखाने चुना, मग अंगठ्याने मळायचं. मळून झालं की थाप. थापेबरोबर चुन्याची धूळ उडायची आणि शेजारी बसलेल्याला शिंक यायची. चुना का लावतात हे मला फार उशिरा कळलं. चुना अल्कधर्मी. तो तंबाखूतलं निकोटिन मोकळं करतो आणि तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून ते लवकर रक्तात जातं. मोकळं निकोटिन झोंबतं, चुना तोंड भाजतो, तंबाखू नवीन खाणाऱ्याला चक्कर येते, ओकारी येते. म्हणजे आपल्या बापजाद्यांची युक्ती अशी होती: माल लवकर पोचू दे, झोंबला तर झोंबू दे.

पॉडमधली युक्ती याच्या बरोबर उलटी आहे. त्यातल्या निकोटिनमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, बहुतेक वेळा बेन्झोइक आम्ल. त्याने निकोटिनचा क्षार बनतो. क्षार झाला की झोंबणं जातं. घसा तक्रार करत नाही, आणि म्हणून कितीतरी जास्त निकोटिन असलेलं धुकं खोल फुप्फुसापर्यंत आरामात जातं. ही युक्ती बाजारात गाजवली अमेरिकेतल्या जूलने, २०१५ मध्ये. स्टॅनफर्डमध्ये प्रॉडक्ट डिझाइन शिकलेले अ‍ॅडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीस हे त्यामागचे दोघे. त्याआधीच्या ई-सिगारेटी, म्हणजे चीनच्या होन लिक या औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये पहिली बनवली तिच्यापासूनच्या, एकतर मिळमिळीत होत्या किंवा घसा खरवडणाऱ्या. जूलने दोन्ही अडचणी सोडवल्या. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मार्लबोरोवाल्या अल्ट्रियाने त्यातला ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना विकत घेतला. सिगारेटवाल्यांना कळलं होतं की सिगारेटचं पुढचं रूप कुठलं.

म्हणून घशाला ठोका न बसणं ही या वस्तूतली उणीव नाही. ते तिचं मुख्य काम आहे. घसा हा राखणदार होता, त्याला झोपवलंय.

आता वासाबद्दल. माझ्यासाठी लेखाचा खरा भाग हा आहे, आणि आई हा लेख वाचणार नाही या भरवशावर लिहितेय.

मी सहा वर्षं सिगारेट ओढली. दिवसाला चार. ऑफिस घाटकोपरला. पहिली अकराला, दुसरी जेवणानंतर, तिसरी चारच्या चहाबरोबर, चौथी निघताना, साडेसातच्या आत. चौथीनंतर वेलची, मग सॅनिटायझर, मग ओढणी झटकायची, मग बदलापूर लोकल. बायकांच्या डब्यात तासभर उभं राहिलं की मोगरा, घाम, कोणाच्या तरी डब्यातलं सुकट, निवडलेली मेथी, यात माझा वास विरघळून जायचा. घरी कधीच नाही. रविवारी नाही. बदलापूर स्टेशनच्या बाहेर तर अजिबात नाही, तिथे प्रत्येक तिसरी बाई आईच्या भिशीतली असते. मला वाटायचं, बघा, मी किती शिस्तीत ओढते. माझे नियम आहेत, मी व्यसनी नाही.

पॉड आला आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की ते नियम माझे नव्हते. वासाचे होते.

आधी बाथरूममध्ये. मग खोलीत, पंखा पाचवर ठेवून. आई एकदा आत येऊन म्हणाली, "कसला रूम फ्रेशनर आणलास गं? गोडुस आहे." मी म्हटलं, ऑफर होती. एप्रिलमध्ये रविवारी सुरू झालं. मेमध्ये रात्री दोनला जाग आली की उशीखाली हात जायला लागला. लोकलमध्ये ओढणीच्या आड एक झुरका, विठ्ठलवाडी गेल्यावर. सिगारेटला मी शोधत जायचे. हा मला शोधत यायचा. आणि मजा म्हणजे त्या सगळ्या काळात मी मैत्रिणींना सांगत होते की मी सिगारेट सोडली. ते खरंच होतं.

सिगारेट संपते. साधी गोष्ट आहे, पण पॉड हातात येईपर्यंत मला तिची किंमत कळली नव्हती. पाच-सात मिनिटांत ती थोटकापर्यंत येते, बोटाला चटका लागायची वेळ येते, तुम्ही ती विझवता, आणि दुसरी पेटवायची तर तसं ठरवावं लागतं. विडी तर मधेच विझते, पुन्हा काडी ओढावी लागते. तंबाखूचा बार थुंकावा लागतो. पॉडला शेवटचा झुरका नाही. अर्धा झुरका घेऊन तुम्ही ठेवता, दहा मिनिटांनी उचलता. किती झाले ते मोजायला काही उरत नाही. टपरीवरच्या ऐनाऐवजी, म्हणजे त्या दोरीला बांधलेल्या लायटरऐवजी, आपल्याच खिशात कायम पेटलेलं काहीतरी असतं. माझ्या स्वस्त मॉडेलला झुरके मोजणारा पडदासुद्धा नव्हता. एक दिवा होता, तो फक्त बॅटरीचं सांगायचा.

मग मी द्रवावरून हिशेब केला. बाटलीवर लिहिलंय ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर. म्हणजे दोन मिलिलीटरच्या एका पॉडमध्ये कागदावर १०० मिलिग्रॅम निकोटिन. (युरोपियन युनियनमध्ये याची कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर आहे.) मार्चमध्ये मला एक पॉड पाच दिवस पुरायचा, जूनमध्ये दोन दिवस. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं, म्हणजे माझ्या चार सिगारेटींचे फार तर सहा. पॉडमधलं सगळं रक्तात जात नाही, बरंचसं बाहेर सोडलं जातं. निम्मं वाया गेलं असं धरलं तरी जूनमध्ये माझे दिवसाला पंचवीस होत होते. चारपट. सिगारेट सोडलेल्या मुलीचे.

मामेभाऊ भांडी आवरायला आला तो याच आठवड्यात.

त्या रात्री मला आजी आठवली. आजी मशेरी लावायची. वाचणाऱ्या काही जणांना हे माहीत नसेल: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना घासत बसायचं. सकाळी एकदा, दुपारी झाकपाक झाल्यावर एकदा, रात्री एकदा. महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांची निकोटिनची सोय ही अशी होती आणि अजून आहे. मशेरी भाजायचा दिवस म्हणजे चाळीत जाहीर कार्यक्रम. खमंग म्हणावा की जळका, असा वास, सगळ्या मजल्याला ठसका, समोरच्या काकू ओरडणार, "भाजली का गं?" आणि थोड्या वेळाने वाटी घेऊन येणार. दुपारी तीन-चार जणी ओट्यावर बसायच्या, एकीच्या डबीत सगळ्यांची बोटं. बोलता यायचं नाही, कारण तोंडात लाळ, म्हणून हातवारे. मग सगळ्या उठून चूळ भरायच्या.

त्या मशेरीचं मला कौतुक करायचं नाही. आजीचे दात पन्नाशीत गेले आणि मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो, यात वादाला जागा नाही. पण तिच्या सवयीला साक्षीदार होते. किती वेळा लावते, हे तिच्या सुनेला माहीत होतं, शेजारणीला माहीत होतं. "आज चौथ्यांदा?" असं विचारायला कोणीतरी होतं. तिच्या नातीने शिकून, नोकरी करून, स्वतःच्या पगारातून जे मिळवलं ते बाथरूमची कडी लावून मिळवलं. पूर्ण वेळ एकटीने. मी एकदाही कोणाला "तुझ्याकडे आहे का?" असं विचारलं नाही, कोणी मला विचारलं नाही. आजोबांना तंबाखू मागून अंबरनाथ स्टेशनवर एक माणूस भेटला होता, तो पुढे मामाच्या लग्नात पंगत वाढायला होता.

डिझाइनच्या भाषेत याला अडथळे काढणं म्हणतात. रिव्ह्यू करणारी मुलं एकेका काढलेल्या अडथळ्याला एकेक गुण देतात: वास नाही, राख नाही, आवाज नाही, घशाला त्रास नाही, पेटवायची कटकट नाही. मी त्यांच्याशी सहमत आहे. या निकषांवर ही वस्तू दहापैकी नऊ आहे. माझा आक्षेप निकषांवर आहे. आठवडाभर वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूत चव आणि बॅटरी कळते. चौथ्या महिन्यात रात्री दोनला काय होतं ते त्यात येऊ शकत नाही, आणि ही वस्तू तर चौथ्या महिन्यासाठीच बनवलेली आहे.

उल्हासनगरचा विषय निघणारच आहे, कारण पॉड बघितल्यावर ऑफिसात पहिला विनोद तोच झाला: "बदलापूरवाली आहे, उल्हासनगरचाच माल असणार." मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद माझ्या वडिलांच्या वयाचा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून टाकलेल्या माणसांनी, ८ ऑगस्ट १९४९ ला जिचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं त्या गावात, पापडापासून जीन्सपर्यंत जे जमेल ते बनवून विकलं. कॅम्प पाचच्या जीन्सनी या पट्ट्यातल्या दोन पिढ्या कॉलेजात गेल्या आहेत, मीही. (त्या रंगाने वालधुनीचं काय केलं तो वेगळा लेख.) नक्कल म्हणून हसलं गेलं ते त्या गावाला. पॉडच्या डब्यावर मात्र शेन्झेन लिहिलंय, जगातली बहुतेक ई-सिगारेटची उपकरणं तिथेच बनतात, आणि ही वस्तू जूलच्या नकलेची नक्कल आहे. रंग, आकार, दिव्याची जागा. त्यावर कोणी विनोद करत नाही. उल्हासनगरच्या नकली जीन्समध्ये पाय तरी खरे जायचे.

डबा मी नीट वाचला, कारण वाचणं हे माझं काम आहे. इंग्रजी आणि चिनी. यात निकोटिन आहे आणि निकोटिनचं व्यसन लागतं असा एक चौकोन, काळ्यावर पांढरा, अमेरिकेतल्या डब्यांवर असतो तसा. देवनागरीत एक अक्षर नाही. आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सडलेल्या तोंडाच्या नाहीतर घशाच्या फोटोने भरलेला असतो आणि २०१८ पासून त्यावर सोडायला मदत करणारा फोन नंबरही छापतात, १८००-११-२३५६. पॉडवर ते नाही, कारण सरकारच्या लेखी पॉड अस्तित्वातच नाही. जी वस्तू बंद आहे तिच्यावर इशारा छापायला कोण सांगणार? बाटलीत खरंच ५० मिलिग्रॅम आहे की ७०, हे तपासणाराही कोणी नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला, तेव्हापासून तो कसा बंद आहे ते तुमच्या-माझ्या स्टेशनच्या जिन्याला माहीत आहे.

इथे दुसरी बाजू लिहिली नाही तर मी त्या यूट्यूबवाल्यांपेक्षा वेगळी ठरणार नाही. जळणं थांबलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ जातात. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना सांगते की पूर्ण सोडता येत नसेल तर याच्यावर या, हे कमी घातक आहे. सिगारेट सोडायला निकोटिनच्या पट्टीपेक्षा आणि गमपेक्षा ई-सिगारेटचा उपयोग जास्त होतो, असं कॉक्रेनच्या आढाव्यातही आहे. माझा सकाळचा खोकला एप्रिलमध्ये गेला, हे मी लपवणार नाही. दिवसाला वीस ओढणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाने मला विचारलं तर मी वेगळं बोलेन, आणि त्याला कोपऱ्याकोपऱ्यावर सिगारेट मिळते पण हे मिळत नाही, यातला विचित्रपणाही मला दिसतो. सिगारेटवाल्या आयटीसीत एलआयसीचा मोठा हिस्सा आहे. २००५ मध्ये आजोबांची विमकोसुद्धा आयटीसीच्या उपकंपनीने घेतली. आणि तिची मूळची मालकीण स्वीडिश मॅच, जी तोवर निकोटिनच्या पुड्या विकण्यात मोठी झाली होती, ती २०२२ मध्ये फिलिप मॉरिसने घेतली. काड्या बनवणारे, विड्या ओढणारे आणि आता काडीविना ओढणारे, सगळे एकाच हिशेबवहीत.

पण विचारणारा पन्नाशीतला माणूस नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, वासाने त्याला मळमळतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ होते ३.८ टक्के, तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे वगैरे २४.४ टक्के. म्हणजे सिगारेटला पर्याय म्हणून आलेली ही वस्तू अशा ठिकाणी आली आहे जिथे सिगारेट मुळात थोडेच ओढतात. माझ्यासाठी तुलना सिगारेटशी होती. त्याच्यासाठी ती स्वच्छ हवेशी आहे, किंवा अंबरनाथमध्ये जी काय हवा मिळते तिच्याशी.

मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंद केला. मेडिकलमधून २ मिलिग्रॅमचा निकोटिनचा गम आणते, त्याची चव पुदिन्याची आहे असं लिहिलंय, मला ती ओल्या पुठ्ठ्याची लागते. पहिले चार दिवस मी आईवर तीनदा ओरडले, ऑफिसात एक मेल पाठवून परत घ्यायची वेळ आली. दोनदा पुन्हा ओढला. सध्या अकरा दिवस झालेत. गमचं एक बरं आहे, तो संपतो, आणि रिकामी पट्टी टेबलावर पडलेली दिसते. आईने विचारलं कसला आहे, मी सांगितलं. पूर्ण नाही सांगितलं. ॲसिडिटीवरचा आहे म्हटलं.

हा लेख पाठवायच्या आधी मामेभावाला वाचायला दिला, मामाच्या घरी, गेल्या रविवारी. तो फोनवर अंगठ्याने सरासर वर जात होता, हिशेबाचा परिच्छेद त्याने नक्की गाळला. मशेरीपाशी थांबला.

"आजी तंबाखू खायची?"

"लावायची."

"मला कोणी सांगितलंच नाही." मग थोडं पुढे जाऊन, "ताई, ते मित्र-मित्र काढून टाक. येडा पण ओळखेल."

"राहू दे. लेखात बरं दिसतं."

त्याने खिशातून पॉड काढून गादीवर ठेवला. माझ्यासारखाच, निळा. "तुझ्याला पण जळका लागतो का? माझा दोन दिवसांत जळका लागतो."

मी म्हटलं दोन दिवसांत म्हणजे किती भरतोस, आणि तो काही बोलला नाही. मी माझा अकराव्या दिवसाचा गम दाखवला, त्याने पट्टी हातात घेऊन मागचं बारीक लिहिलेलं वाचलं, नीट, लेख वाचला त्यापेक्षा नीट. "मेडिकलवाला देतो? चिठ्ठी नाही लागत?"

मामी चहा घेऊन आली तसा त्याने पॉडवर फोन पालथा टाकला. मामीने कप ठेवले, खिडकीकडे गेली, परत आली, आणि आमच्या दोघांकडे बघत म्हणाली, "श्रावण लागला तरी आंब्याचा वास कसला येतोय रे इथे?"